पाचवा साचा

साच्याची डावी कड उजवीपेक्षा चार मिलिमीटर खाली होती. पाणसळ आडवी ठेवली की तिच्यातला बुडबुडा दोन रेघांच्या बाहेर उजवीकडे जाऊन थांबायचा. दोष पाणसळीचा नाही ना, हे बघायला मी ती उलटी फिरवून पुन्हा ठेवली. बुडबुडा पुन्हा उजवीकडेच गेला. मग साचा उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेला. तिथेही तेच.

"काय प्रयोगशाळा, लाकडाला ताप आलाय का?" दादा मागून म्हणाला.

मी पाणसळ पुन्हा फिरवून ठेवली. मी बोलले नाही की तो आणखी बोलतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

"आला असेल तर औषध दे. नसेल तर ठेव तिथे. पत्रा वाकवायचाय मला."

आमच्या कारखान्यात खोगिरं होत नाहीत. खोगिरं ठेवायच्या आणि वाहून न्यायच्या वस्तू होतात. चार पायांच्या घोड्या, भिंतीत ठोकायचे हात, तबेल्यापासून मैदानापर्यंत खोगिरं नेणाऱ्या चाकांच्या गाड्या, लांबच्या प्रवासाच्या पेट्या. खोगीर खुंटीला टांगलं किंवा जमिनीवर टाकलं तर ते स्वतःच्याच वजनाने आकार सोडतं. पाठीवर नसतानाही त्याला खाली पाठीसारखंच काहीतरी लागतं, ते आम्ही देतो. आणि त्या सगळ्या पाठी एकाच साच्यावर ठोकल्या जातात. साचा म्हणजे कठीण लाकडाचा, दोन्ही बाजूंनी उतरता, गुळगुळीत ठोकळा. दादा त्याच्यावर पत्रा वाकवतो, वहिनी त्या पत्र्यावर लोकरीचा जाड नमदा शिवते, आणि माल बाहेर जाण्याआधी मी तो तपासते.

याआधी मी एका प्रयोगशाळेत काम करत होते. दुसऱ्यांचे वजनकाटे आणि मोजपट्ट्या बरोबर आहेत की नाहीत, हे तपासायचं काम. बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं आणि ते खुर्चीला खिळले, तेव्हा मी ती नोकरी सोडून घरी आले. काही दिवसांसाठी, असं सगळ्यांना सांगितलं होतं. मग राहिलेच. दादा शाळा सुटल्यापासून कारखान्यात आहे. पुढे कारखाना कुणाचा, हे बाबांनी कधीच सांगितलं नाही. दादाने विचारलं की म्हणायचे, "बघू." मी कधी विचारलं नाही, पण मला कारखाना हवा होता. इतकं हवं असलेलं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

साचा मी त्या दिवशी तपासायला घेतला, कारण आदल्या दिवशी उस्ताद येऊन गेले होते.

उस्ताद म्हणजे घोडेस्वारीच्या शाळेचे मुख्य. सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. ते आले ते आमचीच चाकांची गाडी ढकलत, आणि तिच्यावर तीन खोगिरं होती. फाटकातूनच त्यांचा आवाज यायला लागला.

"हे बघा. बघा म्हणतो ना!" एक खोगीर उचलून त्यांनी स्वतःच्या मांडीवर उलटं केलं. "डावीकडची गादी बघा. पार बसलीय. आत हात घाला, सांगाड्याची कड लागते हाताला. माझ्या राखाडी घोड्याच्या पाठीवर इथे, कण्याच्या डावीकडे, ही एवढी सूज आहे. हात लावला तर चावायला उठतो. आयुष्यात कुणाला चावला नव्हता तो."

दादाने खोगिराकडे बघितलंसुद्धा नाही. "उस्ताद, तुमची पोरं एका कुल्ल्यावर बसतात. त्याला खोगीर काय करणार?"

"माझी पोरं कशी बसतात ते तू मला शिकवू नकोस. तुला घोड्यावर बसलेलं मी पाहिलंय. वर कमी होतास, खाली जास्त."

आतून वहिनीच्या सुईचा आवाज थांबला. दादा हसला, पण डोळ्यांनी हसला नाही.

"माल आवडत नसेल तर नका घेऊ. जबरदस्ती आहे का?"

"जबरदस्ती नाही. पण नवा खोगीरखाना बांधतोय मी. सबंध तबेल्याची खोगिरं एका छताखाली. भिंतीचे हात, घोड्या, गाड्या, सगळं लागणार. तुमच्याकडेच येणार होतो. आता हे बघितल्यावर येऊ का नको?" मग ते बाबांच्या खुर्चीकडे वळले. "आणि एक सांगतो. अर्धी खोगिरं जागा नाही म्हणून जुन्या लाकडी खांबावर पडलेली असतात. साधा गोल खांब. ती खोगिरं सरळ आहेत. तुमच्या कारखान्यातल्या घोड्यांवर ठेवलेली तेवढी वाकडी. पोरं तीच, घोडे तेच. मग?"

दादा पत्र्याचे तुकडे गोळा करायला लागला. मला मात्र ते वाक्य फार आवडलं. पोरं तीच, घोडे तेच, बदल एकच. इतकी स्वच्छ तुलना प्रयोगशाळेतसुद्धा रोज मिळत नाही.

"शनिवारी या," बाबा म्हणाले. "उत्तर देतो."

उस्ताद गेल्यावर बाबांनी आम्हा दोघांना जवळ बोलावलं. त्यांचे पाय नेहमीसारखे लाकडी ठोकळ्यावर होते.

"उस्तादांना काय उत्तर द्यायचं ते तुम्ही ठरवा. शनिवारी तुमचं ऐकलं की मीही कारखान्याचं काय ते सांगून टाकतो. कंटाळा आलाय मला. एक इकडून तोंडाकडे बघतो, एक तिकडून."

दादाने माझ्याकडे बघितलं. खाऊ की गिळू अशी ती नजर होती. मीही नजर काढली नाही.

तर, चार मिलिमीटर. साचा वाकडा होता, एवढं कळलं. का, ते कळलं नव्हतं. ठोकून ठोकून साचा झिजतो, हे खरं. पण झिजला तर दोन्हीकडे झिजेल, आणि दादा उजवा आहे. त्याचा हातोडा जास्त लागतो तो उजव्या बाजूला.

आमच्याकडे साचा करायची एक ठरलेली रीत आहे. जुना साचा निकामी झाला की बाबांचं खोगीर काढायचं. बाबा तरुणपणी स्वार होते, शर्यती मारलेले. त्यांचं खोगीर ऑफिसात खिडकीशी असतं, आणि त्याला वहिनीशिवाय कुणी हात लावत नाही. ती त्याला तेल लावते. ते खोगीर उलटं करायचं, आत कापड अंथरून प्लास्टर भरायचं. प्लास्टर घट्ट झालं की खोगिराच्या पोटाचा आकार हातात येतो. त्याच्यावरून सुतार लाकडाचा साचा कोरतो. आणि नव्या साच्यावर जी पहिली घोडी होईल ती विकायची नाही. ती बाबांच्या खोगिराला. जुनी घोडी काढायची, नवी ठेवायची, तिच्यावर खोगीर चढवायचं. त्या दिवशी कारखाना अर्धा दिवस बंद. लहान असताना मला तो दिवस फार आवडायचा.

जेवताना हे सगळं मनात मांडत होते, आणि घास हातातच राहिला.

खोगिरावरून साचा. साच्यावरून घोडी. घोडीवर पुन्हा तेच खोगीर, वर्षानुवर्षं. आणि त्याच खोगिरावरून पुढचा साचा.

पहिल्या साच्यात केसाएवढा जरी फरक असेल तर तो घोडीत उतरला असणार. उतारावरचं खोगीर त्याच बाजूला आणखी थोडं कललं असणार. दुसऱ्या साच्याने ते कललेलं खोगीर खरं मानलं. प्रत्येक वेळी जे वाकलं होतं त्यालाच आम्ही विचारलं, सरळ कसं असतं. आणि दरवेळी आम्ही अर्धा दिवस कारखाना बंद ठेवून आनंद केला.

आमच्याकडे काही टाकून देत नाहीत. जुने साचे कुठे ना कुठे असणारच होते. पहिला सापडला मागच्या फाटकाशी. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून तो तिथे लावलेला. दुसरा पाण्याच्या पिंपाखाली होता. चौथ्यावर बाबा पाय ठेवत होते. तिसऱ्यावर वहिनी बसली होती.

"वहिनी, जरा उठता का?"

"का?" तिने सुई दातात धरली होती.

"तुम्ही बसलायत तो जुना साचा आहे. मोजायचाय."

"बसायचंही आता मोजून का?" ती उठली, पण बाजूला झाली नाही. "वन्सं, एक विचारते. कारखाना तुमच्याकडे आला तर आम्ही कुठे जायचं?"

"कुठे जा म्हणून कोण सांगतंय तुम्हाला?"

"तुम्ही नाहीच सांगणार. तुम्ही नुसत्या रोज चुका दाखवाल. हळू आवाजात, पट्टी लावून. माणूस आपला आपणच जातो मग."

"घोड्याची पाठ सुजलीय, वहिनी."

"सुजली ना. मला काय दिसत नाही? पण तुम्हाला घोड्याचं वाईट वाटलं म्हणून तुम्ही इथे वाकलेल्या नाही आहात."

मी साचा उचलून नेला. ती उभ्यानेच शिवत राहिली. दुसरं काही बसायला आणून द्यावं, हे मला सुचलं नाही.

पाचही साचे मी त्यांच्यावर कोरलेल्या आकड्यांप्रमाणे टेबलावर एका ओळीत मांडले. लाकूड कुठे झिजलं होतं, कुठे पाण्याने फुगलं होतं, म्हणून आकडे काटेकोर म्हणता येणार नाहीत. पण क्रम चुकत नव्हता. पहिल्यात बुडबुडा जेमतेम हलायचा. दुसऱ्यात रेघेला टेकायचा. पुढे प्रत्येक साच्यात थोडा थोडा सरकत पाचव्यात रेघेच्या साफ बाहेर.

दादा हात पुसत आला. मी त्याला एकेक करून दाखवलं. तो टिंगल करेल म्हणून मी तयार होते. तो वाकून बघत राहिला. दुसऱ्या साच्यापर्यंतच त्याला कळलं होतं. पुढचे त्याने नुसते माझं समाधान म्हणून बघितले. दादाला डोकं आहे. ते नसतं तर आमचं भांडण इतकी वर्षं चाललं नसतं.

"ठीक," तो म्हणाला. "साचा बदलू. उस्तादांचं एखादं सरळ खोगीर मागून आणतो, त्याच्यावरून नवा करू. शनिवारी सांगू की मधल्या काळात नमदा खराब आला होता, एका बाजूला दबायचा. उस्ताद शिव्या देतील, चहा पितील, काम देतील. संपलं."

"नमदा खराब नव्हता."

"मला माहिती आहे नव्हता."

"नमद्याचं काम वहिनी करतात. बोट त्यांच्याकडे जाईल."

"माझी बायको आहे. तिचं मी बघतो. ती काही बोलणार नाही."

"त्यापेक्षा खरं सांगायला काय होतं?"

त्याने पहिला साचा उचलला, हातात तोलला आणि पुन्हा ठेवला. "बाबांच्या तोंडावर सांगणार? की तुमचं खोगीर वाकडं आहे, आणि त्याच्या जिवावर आपण आयुष्यभर लोकांची खोगिरं वाकडी केली? त्या माणसाकडे आता दुसरं काय उरलंय गं? पाय गेला. आई गेली. ते एक खोगीर तेवढं आहे, येईल त्याला दाखवायला."

"उद्या आणखी एखाद्या घोड्याची पाठ जाईल."

"साचा बदलतोय म्हटलं ना! कुणाची पाठ जात नाही. तुला घोड्याचं पडलेलं नाही." त्याचा आवाज चढला. "तुला कारखाना हवाय ना? मग सरळ माग. तोंड उघड आणि माग. पाणसळ लावून कशाला मागतेस?"

मी पाणसळ पेटीत ठेवून पेटी बंद केली. पेटीची कडी दोनदा निसटली. त्याने ते बघितलं.

"शनिवारी तू गप्प बस," तो म्हणाला. "एवढं एकदा माझं ऐक."

शनिवारी उस्ताद वेळेआधीच आले. येताना एक सरळ खोगीर घेऊन आले होते, खांबावरचं. बाबांची खुर्ची टेबलाजवळ सरकवली होती. त्यांच्या पायाखालचा साचा मी सकाळी मागितला तेव्हा त्यांनी काही न विचारता पाय उचलले होते, आणि मग त्यांचा दुखरा पाय दिवसभर तसाच लोंबकळत होता.

दादाने सुरुवात केली. नमद्याचं सगळं नीट सांगितलं, पटेल असं. थोडा दोष स्वतःकडेही घेतला. मधे एक विनोद केला. वहिनी दाराशी उभी होती. तिने मान खाली घातली. उस्तादांचा चेहरा सैल होत चालला होता. मी गप्प बसले असते तर पाच मिनिटांत चहा आला असता.

"नमदा चांगला होता," मी म्हणाले.

दादाने डोळे मिटले.

मी टेबलावरचं कापड काढलं. साचे क्रमाने लावलेले होते. एकेका साच्यावर पाणसळ ठेवत मी सांगत गेले. रीत काय, खोगीर कसं उलटं करतात, पहिली घोडी कुठे जाते. मी सावकाश बोलले. कुणाचं नाव घेतलं नाही. त्याची गरज नव्हती.

उस्ताद आधी वाकून बघत होते. चौथ्या साच्याला ते सरळ उभे राहिले आणि हसायलाच लागले. चांगलं हसणं नव्हतं ते. "म्हणजे वाकड्यावरून वाकडं केलं, त्याच्यावर ठेवून आणखी वाकडं केलं, आणि त्याच्यावरून परत... वा! आणि मला म्हणे, पोरं कुल्ल्यावर बसतात."

"एका कुल्ल्यावर," दादा पुटपुटला. कुणी हसलं नाही.

"माझं खोगीर आणा," बाबा म्हणाले.

वहिनी गेली आणि दोन्ही हातांवर घेऊन आली. बाबांनी ते मांडीवर उलटं ठेवलं. दोन्ही अंगठे त्यांनी दोन गाद्यांवरून एकदम फिरवले, पुढून मागे. मग पुन्हा. मग डोळे मिटून पुन्हा. इतकी वर्षं त्या खोगिराचं पोट त्यांनी असं चाचपलं नसणार. कशाला चाचपतील?

"पहिल्या साच्यातसुद्धा थोडं आहे म्हणालीस."

"हो."

"ते कुठून आलं?"

"स्वार डाव्या रिकिबीत पाय घालून चढतो. दरवेळी सगळं वजन डावीकडे येतं. सांगाडा जरासा फिरतो."

"म्हणजे माझ्यापासून."

सगळेच स्वार डावीकडून चढतात, असं मला म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. पण प्रश्न त्यांनी स्वतःपुरता विचारला होता.

"हो," मी म्हणाले.

उस्तादांनी आणलेलं खोगीर टेबलावर ठेवलं. त्यांचा राग गेला नव्हता, पण माणूस कामाचा. "हे घ्या. याच्यावरून नवा साचा करा. हिने तपासून दिला तर खोगीरखान्याचं काम तुमचं. घोड्याच्या पाठीचं काय करायचं ते मी बघीन." जाता जाता त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबांनी खांदा काढून घेतला.

फाटक वाजलं. आम्ही चौघं उरलो.

बाबांनी मांडीवरचं खोगीर दादाच्या पुढे धरलं. "तुला दिसतं का रे वाकडं?"

दादाने खोगिराकडे बघितलं. "नाही."

"तिची पट्टी लावून बघ."

मी पाणसळ पुढे केली. दादाने ती घेतली, दोन्ही गाद्यांवर आडवी ठेवली आणि बघितलं. बुडबुडा कुठे होता ते मला उभी होते तिथूनही दिसत होतं.

"मला नाही दिसत, बाबा," तो म्हणाला.

"दादा, काहीतरी काय बोलतोस!" माझा आवाज चढला. तसा तो कधी चढत नाही.

"तुला दिसतंय ना? मग झालं की. मला नाही दिसत."

वहिनीने पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं. बाबांनी दादाकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. माझ्याकडे बघताना त्यांच्या नजरेत राग होता. तो राग मी चुकले होते म्हणून नव्हता.

"ही म्हणते त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे," ते म्हणाले. "हिने सांगितलं नसतं तर आपण आणखी दहा साचे असेच केले असते. नवा साचा हिनेच करायचा. दुसऱ्या कुणाला इतका नीट जमायचा नाही."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. छातीत काहीतरी सैल व्हायला लागलं होतं.

"हा माझ्या तोंडावर खोटं बोलला. तुझ्या हातात पट्टी असताना बोलला. मला कळत नाही असं नाही." त्यांनी खोगीर वहिनीच्या हातात दिलं. "पण याच्या हाताखाली मी ही खुर्ची टाकून मरेपर्यंत बसू शकेन. तुझ्या हाताखाली मला एक दिवस बसवणार नाही. उगाच ताटकळत ठेवलं मी तुम्हाला. हे मला आधीपासूनच माहीत होतं."

"बाबा..." दादा म्हणाला.

"मधे बोलू नकोस. कारखाना तुझा."